चूक कोणाची, एवढेच विचारून भागणार नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रुग्णालयात एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतले की त्याविषयीच्या बातमीत आणि नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न एकच असतो : चूक कोणाची? एखादा डॉक्टर निलंबित होतो, एखाद्या परिचारिकेला कारणे दाखवा नोटीस मिळते, चौकशी समिती नेमली जाते आणि काही दिवसांनी विषय मागे पडतो. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला तर शिक्षाही झाली पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु परिसेविका म्हणून अनेक वर्षे वॉर्ड सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, रुग्णाचे नुकसान बहुतेक वेळा एका माणसाच्या अज्ञानामुळे किंवा आळसामुळे होत नाही. दोन माणसांच्या कामांमध्ये जी जागा उरते आणि जी कोणाच्याच कामाच्या यादीत नसते, तिथे ते होते. ती जागा भरून काढणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, आणि त्या कामाबद्दल आपण सहसा कोणालाही जाब विचारत नाही. म्हणून हे पत्र.

कोणत्याही रुग्णालयात घडू शकेल असा प्रसंग घ्या. दुपारी डॉक्टर रुग्णाचे रक्त तपासणीला पाठवतात. संध्याकाळी प्रयोगशाळेत पोटॅशियमची पातळी धोक्याच्या वर गेलेली आढळते आणि तो अहवाल रीतसर संगणकावर नोंदला जातो. तपासणी लिहून देणारे डॉक्टर तोवर ड्युटी संपवून गेलेले असतात. रात्रपाळीच्या डॉक्टरांना असा काही अहवाल यायचा आहे याची कल्पना नसते. परिचारिकेने पाळी घेताना ‘रक्त पाठवले आहे’ एवढेच ऐकलेले असते, आणि तिच्याकडे त्या रात्री आणखी कितीतरी रुग्ण असतात. यात प्रत्येकाने आपापले काम केले आहे. पहाटे त्या रुग्णाच्या हृदयाची लय बिघडली तर चौकशीत बहुधा रात्रपाळीची परिचारिका सापडते, कारण त्या वेळी खाटेजवळ तीच होती. धोकादायक अहवाल फोनवर कळवायचा की नाही, तो कोणाला कळवायचा, ऐकणाऱ्याने आकडा पुन्हा उच्चारून खात्री करायची की नाही, आणि फोन उचलला गेला नाही तर पुढे कोणाला लावायचा, हे कोणी ठरवून दिले होते का, हा प्रश्न मात्र चौकशीच्या कागदांत क्वचितच उमटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना साधारण दहापैकी एका रुग्णाला उपचारांमुळेच काही ना काही अपाय होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक टाळता येण्याजोगा असतो. एवढा मोठा अपाय केवळ काही नालायक माणसांमुळे होतो असे मानायचे, तर जगभरची रुग्णालये नालायक माणसांनी भरली आहेत असे मानावे लागेल. मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांच्याविषयी मला तसे म्हणता येणार नाही.

पाळी बदलताना चार्ज देण्याघेण्याची जी वेळ असते, ती मला रुग्णसेवेतली सर्वांत नाजूक वेळ वाटते. जाणाऱ्याला घरी जायचे असते, येणाऱ्याला कामाला लागायचे असते, मध्येच नातेवाईक काहीतरी विचारतात, फोन वाजतो, आणि या गडबडीत वीसएक माणसांची स्थिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायची असते. अनेक ठिकाणी हे काम ज्याच्या त्याच्या सवयीवर सोडलेले असते. अमेरिका आणि कॅनडातील नऊ बालरुग्ण विभागांत निवासी डॉक्टरांना पाळी सोपवण्याची एक ठरावीक पद्धत शिकवली गेली : आजार किती गंभीर आहे ते आधी सांगायचे, मग थोडक्यात हकीकत, मग करायची कामे, मग रात्री काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने समजलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. सोपवण्याला लागणारा वेळ लक्षात येण्याइतका वाढलाही नाही. ‘आमच्याकडे एवढा वेळ कुठे आहे’ हे उत्तर मी स्वतः अनेक बैठकांत ऐकले आहे, म्हणून हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

या पद्धतीतला चौथा भाग, म्हणजे ‘रात्री काय बिघडू शकते’ हा, अनुभवी परिचारिका मनातल्या मनात नेहमीच करत असतात. तो मोठ्याने बोलायला लावणे एवढाच फरक आहे. पण मोठ्याने बोलणे हीच रुग्णालयातली अवघड गोष्ट आहे. रात्री दोन वाजता वरिष्ठ डॉक्टरांना फोन करावा की सकाळपर्यंत थांबावे, या संभ्रमात घालवलेली मिनिटे किती असतील याची नोंद कुठल्याच केसपेपरवर सापडत नाही. रुग्ण ‘बरा दिसत नाही’, रक्तदाब अजून मर्यादेत आहे, पण माणूस बेचैन झाला आहे, त्वचा गार लागते, लघवी कमी झाली आहे. हे सगळे एकत्र पाहिले की जाणत्या परिचारिकेला धोका कळतो. मागच्या वेळी अशाच कारणासाठी फोन केला आणि ‘यासाठी मला उठवलेत?’ असे ऐकावे लागले असेल, तर या वेळी तिचा हात फोनकडे जायला उशीर लागतो. त्या एका वाक्याची किंमत पुढच्या रुग्णाला मोजावी लागते. म्हणून फोन केल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही, हा नियम वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतः सांगायला हवा आणि तो मोडणाऱ्या ज्येष्ठालाही समज द्यायला हवी. नाडी, श्वसन, रक्तदाब, शुद्धी यांच्या ठरावीक मर्यादा ओलांडल्या की फोन करणे हा परिचारिकेच्या धाडसाचा भाग न राहता तिचे कर्तव्य ठरेल, अशी गुणांकन पद्धत अनेक देशांतील रुग्णालयांनी स्वीकारली आहे. तिचा मोठा फायदा हाच, की संकोचाला जागा उरत नाही.

बोलण्याची मुभा नसली की काय होते याचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी सर्वांनी वाचावी. १९८४ ते १९९५ या काळातील कामकाजाची ती चौकशी होती आणि तिचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ या वर्षांत अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ अधिक बालके तिथे दगावली, असा निष्कर्ष चौकशीने काढला. तिथल्याच एका भूलतज्ज्ञाने आकडे जमवून वरिष्ठांपुढे शंका मांडली होती, पण तिची वेळेवर दखल घेतली गेली नाही. त्या अहवालाने तिथल्या माणसांना दुष्ट ठरवले नाही. निष्ठेने काम करणारी माणसे एकमेकांशी नीट जोडलेली नव्हती, नेतृत्व कमकुवत होते, सत्ता मोजक्या हातांत होती आणि दर्जावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हेच स्पष्ट नव्हते, असे त्यात नोंदले आहे. व्यवस्थापनाचा दोष किती जीवघेणा ठरू शकतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

इथे चुकांच्या नोंदींबद्दल थोडे विषयांतर करते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातील आठ विभागांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्या विभागांतील नेतृत्व चांगले आणि परस्परसंबंध विश्वासाचे, तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे चुकांची नोंद जास्त आढळली. चांगल्या विभागातली माणसे झालेली चूक लपवत नव्हती, सांगत होती. रुग्णालय व्यवस्थापनाने या निष्कर्षावर खरोखर विचार करावा. ‘या महिन्यात एकही चूक नाही’ असा अहवाल आला की वरिष्ठ संतुष्ट होतात. मला मात्र अशा अहवालाची काळजी वाटे. नोंद केली की मेमो मिळतो हे एकदा कर्मचाऱ्यांना कळले की नोंदवहीची पाने कोरी राहू लागतात, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनांच्या कुप्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत ही साधी गोष्ट कोणीतरी दगावेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आता कागदी उपायांविषयी. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्याआधी सर्वांनी मिळून तपासायची १९ मुद्द्यांची सूची जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. आठ देशांतील आठ शहरांमध्ये, ज्यांत नवी दिल्लीही होती, तिचा प्रयोग झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, तर मृत्यूंचे १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे वाचून अनेक सरकारांनी सूची सक्तीची केली. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांचे सूचीच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने तपासले गेले, आणि २०१४ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा की मृत्यू आणि गुंतागुंत यांत लक्षणीय फरक पडला नाही. सूची पाळल्याचे रुग्णालयांनी स्वतः कळवलेले आकडे मात्र ९० टक्क्यांच्या वर होते. तीन महिन्यांचा काळ अपुरा होता, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरीही ज्यांनी शस्त्रक्रियागृहात काम केले आहे त्यांना यातली मेख कळेल. सूचीतला पहिला लाभ असा की तिथला प्रत्येक जण आपले नाव आणि काम मोठ्याने सांगतो, शल्यचिकित्सक रक्तस्राव किती अपेक्षित आहे ते सांगतो, भूलतज्ज्ञ आपली काळजी सांगतो, परिचारिका उपकरणे निर्जंतुक असल्याचे सांगते. हा संवाद न होता फक्त खुणा केल्या, किंवा शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच बैठकीत तिन्ही भाग भरून टाकले, तर हाती उरतो तो फक्त भरलेला कागद. अशा खुणा करताना मी पाहिले आहे आणि त्या थांबवण्यासाठी भांडलेही आहे.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी वेगळा मार्ग घेतला. तिथे दोन महिन्यांची पूर्वतयारी, शस्त्रक्रियागृहातील सर्वांचे एकत्रित एक दिवसाचे प्रशिक्षण आणि त्यानंतर वर्षभर दर तिमाहीला पाठपुरावा, असा कार्यक्रम राबवला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियांनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. ज्या ३४ रुग्णालयांत ते अजून झाले नव्हते तिथे ही घट ७ टक्के होती. सूची तिथेही होतीच. पण ती वापरण्याआधी माणसांना एकत्र बसवले गेले, आणि नंतर कोणीतरी वर्षभर मागे लागून विचारत राहिले. प्रशिक्षणाचा दिवस साजरा करून छायाचित्र काढले की कार्यक्रम संपला, असे तिथे झाले नाही.

व्यवस्थापनाने नेमके काय करायचे, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांचे आहे. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणारा रक्तातील जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पाच साध्या गोष्टी ठरल्या : हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यातली एकही गोष्ट नवी नव्हती. पण जंतुनाशक आणि आवरणे वेगवेगळ्या कपाटांत असली, किंवा विभागात नसलीच, तर घाईच्या वेळी कोण शोधत बसणार? म्हणून सगळे साहित्य एकाच गाडीवर ठेवले गेले, प्रत्येक विभागाशी रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला गेला, आणि पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. दीड वर्षात या संसर्गाचे प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत खाली आले. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा आम्हा परिचारिकांमध्ये सर्वांत जास्त चर्चा त्या थांबवण्याच्या अधिकाराची झाली होती. परिचारिकेने हटकले आणि डॉक्टर रागावले, तर त्या क्षणी अधिष्ठाता कोणाच्या बाजूने उभे राहतात, यावर तो अधिकार खरा की खोटा ते ठरते.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की सगळ्यांना विचारत बसलो तर आणीबाणीत निर्णय कोण घेणार? निर्णय एकानेच घ्यायचा असतो, यात शंका नाही. हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती दहा माणसे एकाच वेळी सूचना देऊ लागली तर ती मदत ठरत नाही. परंतु चांगला नेता त्या वेळी आपल्या मनात काय चालले आहे ते मोठ्याने बोलतो, औषध कोणी द्यायचे ते नाव घेऊन सांगतो, देणारा मात्रा उच्चारून ‘दिले’ म्हणतो, आणि काही सुटते आहे का असे नेता मध्येच विचारतो. हा अधिकार आणि संवाद एकत्र नांदण्याचा प्रकार आहे आणि तो सरावाने येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणसेच अपुरी असतील तर संघभावना आणायची कुठून? या आक्षेपाशी मी पूर्णपणे सहमत आहे. युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली परिचारिका आणि रुग्ण यांचे किमान प्रमाण कायद्याने ठरवले; नंतरच्या अभ्यासात मृत्यू, पुन्हा दाखल होणे आणि रुग्णालयातला मुक्काम या तिन्हींत सुधारणा दिसली, आणि वाचलेला खर्च वाढीव मनुष्यबळाच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. संघकार्याची भाषणे देऊन रिक्त पदे झाकण्याचा प्रयत्न कोणत्याही व्यवस्थापनाने करू नये. इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशर येथे खर्चकपात आणि उद्दिष्टपूर्ती यांच्या मागे लागलेल्या संचालक मंडळाने पदे कमी केली. २०१३ सालच्या चौकशी अहवालात त्याचे परिणाम नोंदलेले आहेत : रुग्णांना पाणी मिळत नव्हते, अंथरुणे बदलली जात नव्हती, आणि तक्रारी करणाऱ्यांकडे दुर्लक्ष होत होते. त्या अहवालात २९० शिफारशी आहेत. मंडळाच्या बैठकांत आर्थिक आकडे तपशीलवार येत असत. वॉर्डात काय चालले आहे ते मात्र तिथपर्यंत पोहोचत नसे.

मात्र पदे भरली की सारे आपोआप सुधारेल, हेही मला पटत नाही. पूर्ण मनुष्यबळ असलेला पण दर आठवड्याला माणसे बदलणारा वॉर्ड मी पाहिला आहे, आणि दोन माणसे कमी असूनही वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखणाऱ्यांचा वॉर्डही पाहिला आहे. ड्युटीचे वेळापत्रक बनवणे हे कारकुनी काम समजले जाते, पण नवख्याबरोबर जाणता कोण आहे, सलग किती रात्री लावल्या आहेत, आणि अतिदक्षता विभागाची सवय असलेली परिचारिका ऐनवेळी दुसरीकडे पाठवली जाते का, हे सगळे त्याच कागदावर ठरते. सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया, औषधनिर्माते यांना आपण संघात धरतो का, हेही विचारण्यासारखे आहे. खाटेवरचा रुग्ण रात्रभर झोपला नाही, त्याने जेवणाला हात लावला नाही, हे अनेकदा प्रथम त्यांनाच कळते आणि ते सांगण्यासाठी त्यांना कोणी विचारत नाही. रोज सकाळी दहा मिनिटे सर्वांनी उभ्या उभ्या एकत्र येऊन आज सर्वांत जास्त काळजी कोणत्या रुग्णाची आहे, कोणते उपकरण बंद आहे आणि कोण कामावर नाही एवढे बोलले, तरी पुष्कळ काही निभावते. त्यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही, मात्र त्या दहा मिनिटांत वरिष्ठांनी हजर राहावे लागते.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना माझी विनंती अशी आहे की, रुग्णालयातील दुर्घटनेचे वृत्त देताना दोषी कोण याबरोबर आणखी काही गोष्टी त्यांनी आवर्जून विचाराव्यात. त्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या आणि मंजूर पदे किती होती; पाळी सोपवण्याची लेखी पद्धत आहे का आणि ती त्या दिवशी पाळली गेली का; अशाच प्रकारची चूक किंवा थोडक्यात टळलेली दुर्घटना यापूर्वी कोणी नोंदवली होती का आणि त्या नोंदीवर कोणी काय केले; चौकशी समितीत परिचारिका आणि भूलतज्ज्ञ होते का; आणि समितीच्या शिफारशींचे सहा महिन्यांनी काय झाले. यातल्या शेवटच्या प्रश्नासाठी तारीख लिहून ठेवून त्या दिवशी पुन्हा रुग्णालयात जावे लागेल, आणि आपल्या वृत्तपत्राने ते करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. रुग्णालय चालवणाऱ्यांनी याच प्रश्नांची उत्तरे न विचारता दरवर्षी प्रसिद्ध केली, तर त्यांचेही मी मनापासून स्वागत करीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका